जुनी फिल्म आणलीत का?

पहिल्या भेटीत त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, आणि घरमालकिणी हमखास विचारतात ते लग्नाचंही विचारलं नाही. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "जरा बाजूनं उभे राहा." मी राहिलो. "डावा खांदा खाली गेलाय. पिशवी रोज त्याच खांद्याला लावता. उद्यापासून उजव्या. खोली वर आहे, बघून या." लोणावळ्याच्या शाळेत विज्ञानाचा मास्तर म्हणून रुजू होऊन मला दोनच दिवस झाले होते. खोली मी बघितलीच नाही, सरळ सामान आणून टाकलं. असं माणूस पुन्हा कुठं भेटणार?

चार वर्षं मी त्यांच्या घरात वर राहिलो. सगळे त्यांना बाई म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. बाई एका हॉस्पिटलात एकतीस वर्षं एक्स-रे काढत होत्या. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण जिभेवरची नोकरी सुटली नव्हती. जिन्यात समोरासमोर आलो की "हलायचं नाही" म्हणून आधी स्वतः उतरून जायच्या. एकदा हेडमास्तरांशी भांडून मी घरी आलो आणि ओट्यावरच तोंड सोडलं. बाई तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "श्वास घ्या. धरून ठेवा." मी मुकाट्यानं धरला. त्या निवडतच राहिल्या. माझा जीव घाबरा झाल्यावर म्हणाल्या, "सोडा. आता सांगा, काय म्हणत होतात?" मला काही आठवेना.

आणि त्यांचा तो प्रश्न. हॉस्पिटलात कुणी नवा एक्स-रे काढायला आला की त्या म्हणे आधी विचारायच्या, "जुनी फिल्म आणलीत का?" जुनी शेजारी लावल्याशिवाय नवीचा अर्थ लागत नाही, हा त्यांचा एकमेव धर्म होता. घरातही तेच. मी म्हटलं, खोकला वाढलाय, तर "कशापेक्षा वाढलाय? जुना खोकला लक्षात आहे का?" शेजारीण म्हणाली, सून हल्ली फार उलटून बोलते, तर बाई म्हणाल्या, "आधी किती बोलायची ते लिहून ठेवलंय का?" शेजारीण महिनाभर आमच्याकडे फिरकली नाही.

तर या बाई फोटो काढायच्या, आणि फक्त बाजाराचे काढायच्या. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी सकाळी पुण्याकडे जाणारी गाडी पकडून कामशेतला उतरायच्या. लोणावळ्यात एवढी मंडई असताना कामशेत कशाला, असं मी विचारलं होतं. "इथं माणसं पाहुण्यांसाठी मांडून बसतात. तिथं आपापल्यासाठी बसतात."

मीही एकदा सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर गेलो. माझी कल्पना अशी की बाई सुरकुतलेले चेहरे, लालभडक मिरच्या, तराजू धरलेले हात असं काहीतरी टिपत असतील. बाई बाजारात शिरल्या, पिशवीतून गोणपाटाचा तुकडा काढला, एका मेथीवाल्याशेजारी अंथरला आणि बसल्या. दहा-पंधरा मिनिटं नुसत्या बसल्या. त्याच्याकडून जुडी घेतली. मग कॅमेरा जमिनीलगत धरून फोटो काढला तो त्या माणसाच्या बुडाखालच्या रिकाम्या क्रेटचा. क्रेट, मांडी घातलेल्या पायांचा भाग, खालची जमीन. चेहरा नाहीच. पुढं गोणपाट उचलून दुसरीकडे. तिथं वीट. मग घडी केलेलं पोतं. मग एक म्हातारी स्वतःच्याच चपला पालथ्या घालून त्यांवर बसली होती, त्या चपला. दुकानदाराची गादी, मटणवाल्याचं लाकडी स्टूल, भाजीच्या मोठ्या व्यापाऱ्याची हातांची प्लॅस्टिकची खुर्ची. माणूस बाजारात कशावर बसतो, एवढंच त्या टिपत होत्या, आणि तेव्हा त्याला आठेक वर्षं झाली होती.

"चेहरा का नाही?" मी परतताना विचारलं.

"चेहरा कॅमेरा बघून बदलतो. बूड बदलत नाही." थोडं थांबून म्हणाल्या, "एकतीस वर्षं लोकांचे मणके बघितले, मास्तर. डॉक्टर विचारायचे, दुखतंय कुठं. दिवसभर बसता कशावर, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही."

घरी त्यांच्या समोरच्या खोलीत भिंतीला हॉस्पिटलातून भंगारात निघालेली एक्स-रे बघायची दिव्याची पेटी लावलेली होती. देवाची तसबीर असावी तशी, बरोबर मध्यभागी. फोटो कामशेतच्याच स्टुडिओत छापून घ्यायच्या आणि एक्स-रेच्या मोठ्या खाकी पाकिटांत ठेवायच्या. पाकिटांवर माणसांची नावं नव्हती. "वीट", "क्रेट", "पोतं", "खुर्ची", "धोंडा", आणि सगळ्यांत जाड पाकिटावर "काहीच नाही". मला ते बघून हसू यायचं. एका पावसाळ्यात करमेना म्हणून मी "काहीच नाही" उघडलं, त्यातली नुसत्या जमिनीवर बसलेली माणसं बघत राहिलो आणि तासाभरानं बंद केलं. त्यानंतर शाळेत खुर्चीवर बसताना बरेच दिवस मला अवघडल्यासारखं व्हायचं.

एकदा शहरातून पाच-सहा जण मोठाली भिंगं लावलेले कॅमेरे घेऊन बाजारात आले. गयाबाई नावाच्या भाजीवालीला त्यांनी घेरलं. कुणी सांगतंय इकडे बघा, कुणी सांगतंय हसू नका. बाई उठल्या आणि त्यांच्यात जाऊन म्हणाल्या, "आधी बसा." त्यांना वाटलं, बाजाराचा काही रिवाज असेल. बसले बिचारे, उघड्या जमिनीवर. बाईंनी घड्याळ लावलं. पाच मिनिटांत एकानं पाय लांब केले, दहा मिनिटांत एकीनं कमरेला हात लावला. पंधरा मिनिटांनी बाई म्हणाल्या, "या सकाळी सहापासून बसल्यात. आता काढा काय काढायचं ते." दोघांनी कॅमेरे पिशवीत घातले. बाकीच्यांनी काढले, पण खाली बसून काढले. गयाबाई पदर तोंडाला लावून हसत होती.

एकदा मला खंडाळ्याला नेलं. बाजारातल्या एका व्यापाऱ्याची भाजी तिथल्या एका बंगल्यात जायची, त्या ओळखीवर. बंगल्याच्या व्हरांड्यात वेताच्या अठरा खुर्च्या होत्या, प्रत्येकीवर प्लॅस्टिकचं झाकण. मालक दिवाळीला येतात, राखणदार म्हणाला. तो स्वतः पायरीवर बसून बोलत होता. "तुम्ही खुर्चीत नाही बसत?" बाईंनी विचारलं. "न्हाई ओ. कुनी बगत न्हाई, पन न्हाई." बाईंनी फोटो काढला आणि घरी आल्यावर कुठल्या पाकिटात ठेवायचा यावर दोन दिवस घातले. शेवटी तो "काहीच नाही"मध्येच गेला.

आता गयाबाईचं सांगतो, कारण बाई खऱ्या कोण होत्या ते मला तिच्यापायी कळलं.

गयाबाई बेडशाची. लेण्यांच्या खालच्या अंगाला तिचं थोडं रान होतं, तिथला पावटा, चुका, माठ, मुळा घेऊन ती बाजाराच्या शेवटच्या रांगेत बसायची. तिथून पुढं बाजाराच्या कडेचं गटार. ती बसायची एका काळ्या धोंड्यावर. इतका बसून गुळगुळीत झालेला की त्यात चेहरा दिसेल. बाजार उठला की धोंडा तिथंच ठेवून जायची. कुणाचा धोंडा कुठं हे सगळ्या बाजाराला ठाऊक, त्याला कुणी हात लावत नसे. बाईंनी त्या धोंड्याबद्दल विचारल्यावर ती अभिमानानं म्हणाली होती, "माज्या सासूचा हाय. ती गटारापल्याड बसायची. तवा आमच्या लोकांला अल्याड कोन बसू देतंय? सासू गेली, मंग मी ह्यो धोंडा उचलला नि हितं आनून ठिवला. लोकं बगत ऱ्हायली. म्हनलं, बगा."

तिच्या शेजारी आप्पा. मळवलीकडचा, बऱ्यापैकी जमीन असलेला, गोड माणूस. खंडाळ्याच्या त्या बंगल्याला भाजी पुरवणारा तो हाच. प्लॅस्टिकची खुर्ची, मागं क्रेटांची रास. बाईंना मागितल्याशिवाय कोथिंबीर द्यायचा. गयाबाईचं पाणी संपलं की स्वतःची बाटली पुढं करायचा, हे मी डोळ्यांनी बघितलंय. बंगल्यांची गिऱ्हाइकं वाढत गेली तसे त्याचे क्रेट वाढले. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय होतं?

माझं तिथलं तिसरं वर्ष असेल. गयाबाईनं बाईंपुढं पाय केला. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, कातडं पांढरं पडून फाटलेलं. दवाखान्यातली बाई म्हणून तिला मलम हवं होतं. "दोन पावसाळं झालं. गटाराचं पानी भाईर येतंय ना, पायाखालनं जातंय. येवडा पावसाळा बसते, मंग बास बाजार. सून म्हनती, घरीच बसा."

बाईंनी पाय हातात घेतला, निरखला. "दोन पावसाळे. त्याआधी नव्हतं?"

"न्हाई."

बाईंनी पाय अलगद खाली ठेवला. त्या दिवशी फोटो काढले नाहीत. घरी आल्या, आणि मला जिन्यातून हाक आली, "मास्तर, खाली या. जुन्या फिल्मा काढायच्यात."

आम्ही "धोंडा" पाकीट फरशीवर ओतलं. गयाबाईचे दर वर्षीचे दिवाळीनंतरचे फोटो वेगळे काढले, एकेका वर्षाचा एक. अकरा निघाले. बाईंनी ते ओळीनं मांडले. प्रत्येकात तोच धोंडा, तेच पाय, तोच लुगड्याचा काठ. मला काही कळेना. मग मी म्हटलं, "बाई, हे गटाराचं लोखंडी झाकण आधी नव्हतं का?"

पहिल्या सात फोटोंत झाकण नव्हतं. आठव्यात कोपऱ्यात नुसती काळी कड. नवव्यात पाव झाकण. दहाव्यात अर्धं. अकराव्यात धोंडा झाकणावर होता.

"झाकण आहे तिथंच आहे," बाई हळू म्हणाल्या. बाजाराच्या काँक्रीटला एक लांब चीर गेलेली होती, मध्येच फाटे फुटलेली. हाडातली चीर बघत आयुष्य गेलेल्या बाईंनी ती प्रत्येक फोटोत बोटानं दाखवली. पहिल्या फोटोत धोंडा चिरेच्या पहिल्या फाट्यावर होता. दर वर्षी तो वीतभर गटाराकडे गेला होता. कुणी ढकलला नव्हता. आप्पाचा एक क्रेट वाढला की गयाबाई वीतभर सरकायची, एवढंच. आणि आता पुढं सरकायला जागा नव्हती, गटारापल्याड सोडून.

बाई फरशीवर बसून राहिल्या. मी चहा केला, तो गार झाला. त्यांना असं मी कधी बघितलं नव्हतं.

"अकरा वर्षं, मास्तर. दर आठवड्याला या धोंड्यासमोर बसतेय, आणि धोंडा चाललेला मला दिसला नाही. जगाला विचारत सुटले, जुनी फिल्म आणलीत का. माझ्या घरात ढीग पडलाय, कधी दोन शेजारी लावल्या नाहीत. नवा फोटो आला की पाकिटात, नवा आला की पाकिटात."

मी म्हटलं, अर्ज करू या. "कुणाच्या विरुद्ध? आणि गुन्हा काय लिहिणार, वीतभर?"

पुढच्या बाजाराला मी रजा टाकून गेलो. बाईंनी आधी गयाबाईला फोटो दाखवले. मला वाटलं, ती हबकेल. तिनं सगळे बघितले आणि परत दिले. "म्हायती व्हतं ओ बाई. पन येकदम न्हाई सरकलं. मंग बोलायचं कवा?"

"मी मांडू का?" बाईंनी विचारलं. गयाबाईनं आप्पाकडे बघितलं, पायाकडे बघितलं. "मांडा," म्हणाली.

बाईंनी अकरावा फोटो झाकणावर ठेवला, जिथं तो काढला होता तिथंच. मग चीर बघत बघत दहावा, मग नववा. उडू नयेत म्हणून आप्पाच्याच राशीतून एकेक बटाटा घेऊन वर ठेवत गेल्या. आप्पा कौतुकानं बघत होता. बाईंचं काहीतरी फोटोचं चाललंय. आठवा फोटो त्याच्या क्रेटांपाशी आला. "आप्पा, हा क्रेट जरा मागं." त्यानं घेतला. सातव्याला आणखी दोन घेतले, सहाव्याला वांग्यांची पाटी उचलली. तोवर माणसं जमली होती. वाकून फोटो बघत होती, मग जमीन, मग परत फोटो. पाचवा, चौथा, तिसरा, दुसरा. हळूहळू बाजारभावाची ओरड बंद झाली. आप्पानंही हसणं थांबवलं होतं. बाईंच्या हातात एकच फोटो राहिला.

"आप्पा, जरा उठता का? एक ठेवायचाय."

सत्तरीकडे झुकलेली, पाच फूट उंचीची बाई, हातात एक बटाटा आणि एक फोटो. आवाज चढलेला नाही, शब्द वाकडा नाही. मला त्या क्षणी त्यांची भीती वाटली, आणि भीती वाटावी इतका आदर मला आयुष्यात दुसऱ्या कुणाबद्दल वाटलेला नाही.

आप्पा उठला. बाईंनी खुर्ची बाजूला केली नाही, वाकून तिच्या खाली फोटो ठेवला. चिरेच्या पहिल्या फाट्यावर. आप्पा गुडघ्यावर हात ठेवून बराच वेळ बघत होता.

"हितं बसायचीस व्हय गं तू?"

"व्हय."

"मी कंदी तुला उट म्हनलं न्हाई."

"न्हाई म्हनला," गयाबाई म्हणाली. "कुनीच न्हाई म्हनलं."

आप्पानं खुर्ची उचलली. नंतर "माल काय डोक्यावं ठिवू का आता" असं पुटपुटत त्यानं क्रेट एकावर एक रचायला घेतले, आणि पुढचे दोन महिने बाईंना कोथिंबीर दिली नाही, हेही सांगायला हवं. गयाबाई उठली. धोंडा उचलायला दोघं पुढं झाले, त्यांना तिनं हातानंच थांबवलं. तो तिनं कमरेवर घेतला, फोटोंच्या कडेकडेनं चालत आली, ठेवला, झाकणापासून तिथवर आपल्या हातानं विती टाकल्या, दहा भरल्या, आणि बसली. बाईंनी गोणपाट अंथरून कॅमेरा जमिनीलगत धरला. "श्वास घ्या. धरून ठेवा." गयाबाईनं धरला. आजूबाजूच्या बायकांनीही धरला असावा. "सोडा."

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. बाईंना मी पत्र लिहायचो; त्या उत्तरात फक्त माझ्या जुन्या पत्रातलं वाक्य लिहून पाठवायच्या आणि खाली, "आता असं का वाटत नाही?"

गेल्या दिवाळीनंतर मुद्दाम गेलो. बाईंचं खुब्याचं हाड मोडलंय. स्वतःचा एक्स-रे स्वतःच वाचून त्यांनी डॉक्टरांना सांगितलं म्हणे, बाजार बंद. पलंगावरून मला म्हणाल्या, "कामशेतला जा. तिथून फोन करा."

गेलो. आप्पाच्या खुर्चीत आता त्याचा मुलगा बसतो. धोंड्यावर गयाबाईची सून होती. गयाबाई मागं पावटा सोलत बसली होती, तिला आता कमी दिसतं. मी पोचलो तेव्हा सून मांडणी करत होती. आधी तिनं झाकणापासून धोंड्यापर्यंत विती टाकल्या, मग टोपली उतरवली. मी रांगेत पुढं बघितलं. आणखी चार-पाच जणी आपापल्या खुणेपासून विती टाकत होत्या. हे बाईंनी कुणाला शिकवलेलं नव्हतं.

मी फोन लावला.

"किती?" पलीकडून आलं. रामराम नाही, काही नाही.

"दहा, बाई. होत्या तेवढ्याच." मला कधी एकदा सांगतो असं झालं होतं.

"मोजल्या कुणी?"

"सुनेनं."

"सुनेचा हात लहान आहे, मास्तर. जुन्या हातानं मोजा."

मी सुनेला सांगितलं. तिनं आपला पंजा बघितला, सासूचा बघितला. मग तिनं गयाबाईला हाताला धरून झाकणापाशी आणलं. म्हातारी वाकली. चाचपडत विती टाकत आली, एक, दोन, तीन. धोंड्याला बोट लागलं तेव्हा नऊही पुऱ्या झाल्या नव्हत्या.

फोन चालूच होता. सुनेनं धोंडा उचलून कमरेवर घेतला आणि आप्पाच्या मुलाला म्हणाली, "दादा, जरा सरका."